शंभर वॅटचा माणूस

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. घ्यायचंच झालं तर लग्नात, नाहीतर हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात गुंडाळून. मी आज सरळ घेणार आहे. अख्ख्या बोरी गावानं ते नाव मारुतीच्या पारावर बसून चघळलं, मग मीच तेवढी तोंडाला कुलूप लावून का बसू? चंद्रभान. बसस्टँडच्या मागं त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. आसपासच्या गावांतल्या निम्म्या विहिरींचं पाणी त्यांच्या हातच्या मोटारींनी वर येतं. आणि याच माणसानं गावाचा पाऊस पळवला, असं गावाचं म्हणणं पडलं.

मी मनकर्णा, अंगणवाडी सेविका. आज जे मिशांना पीळ देत मोटारसायकली उडवतात, त्यातल्या कितीतरी जणांची शेंबडी नाकं मी माझ्या पदरानं पुसलेली आहेत. त्यामुळं या गावाच्या अकलेबद्दल मला कोणी शिकवू नये.

चंद्रभान बोलत नाहीत. हे आधी नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मी यांना पसंत नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याला बोलायची सवयच न्हाई, पोरी. माझ्याशीबी कामापुरतंच बोलतो." घरात त्यांचे शब्द ठरलेले. हं. असू द्या. मीठ कमी हाय. दुकानात गिऱ्हाईक तासभर कटकट करून गेलं तरी हे आपले तार गुंडाळत बसणार. आमची निकिता परभणीला नर्सिंगला लागली, गल्ली पेढे खायला गोळा झाली, तर हे म्हणाले, "बरं झालं." एवढंच. मला इतका राग आला की त्या दिवशी मी ताट वाढलं आणि शेजारणीकडे जाऊन बसले.

हा माणूस बोलू शकतो, हे मला रेडिओमुळं कळलं.

रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. परभणीला पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले एक जमादार होते. त्यांच्या घरची पाण्याची मोटार भरायला हे गेले आणि तिथं हा नाद लागला. त्याची सरकारी परीक्षा असते, ती दिली. दिल्लीहून लायसन आलं. मग मागच्या खोलीत यंत्र आलं, परसात उंच लोखंडी पाईप उभा राहिला आणि त्याच्या शेंड्यावरून दोन बाजूंना तारा उतरल्या. असं लायसन असलेला माणूस कुठंही असो, हे इथून बोलले की तो तिथं ऐकतो आणि उत्तर देतो. नाद आहे, हौस आहे, त्यात धंदा नाही. नियम मात्र कडक. राजकारण बोलायचं नाही, व्यवहार बोलायचा नाही, वावगा शब्द तर अजिबात नाही. सगळे एकमेकांना जी लावून बोलतात. गावात ज्याला "ए मोटारवाल्या" अशी हाक मारतात, त्याला तिथं लातूर-सोलापूरची माणसं "चंद्रभानजी" म्हणतात.

रोज सकाळी सातला ही मंडळी जमायची. राणीसावरगावचे रामकिशनजी, पोस्टातून निवृत्त झालेले, सगळ्यांची हजेरी घ्यायचे. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि मधल्या दारातून मला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा. एका सकाळी ते बोलले ते माझ्या चांगलं लक्षात आहे. "रामकिशनजी, निकितानं काल पहिल्यांदा पेशंटला सलाईन लावलं. फोनवर सांगायली तर मला दुकानात बसल्या बसल्या रडूच आलं बगा." माझा हात परातीतच राहिला. माझा नवरा दुकानात बसून रडला होता आणि ते राणीसावरगावला माझ्या आधी पोचलं होतं.

राग आला. आला म्हणजे काय, चांगलाच आला. पण दुसऱ्या दिवशी मी परात दाराच्या आणखी जवळ ओढली. तिथं बसून मला कळलं की त्यांना शेपूची भाजी आवडते, की वडील गेले त्या वर्षापासून त्यांना पोळ्याला गोड जात नाही, की "आमच्या घरून" म्हणजे मी, रागीट असली तरी घर तिच्या जिवावर चाललंय. पंचवीस वर्षांच्या संसारात जे मला तोंडावर कधी सांगितलं नाही, ते मी चुलीपाशी बसून परक्या माणसांच्या वाट्याचं ऐकलं. तेवढ्यावर मी भागवत होते. कमी नव्हतं ते.

आता त्या मीटरचं सांगते, कारण सगळा घोळ त्यानं झाला. यंत्र आणि बाहेरची तार यांच्यामध्ये एक डबी बसवलेली असते. तिला वॅटमीटर म्हणतात. घराच्या लाईटच्या मीटरशी तिचा काही संबंध नाही. बोलताना किती ताकद तारेकडे गेली, हे ती दाखवते. तिच्या काचेत दोन काटे असतात, एक जाणाऱ्या ताकदीचा, एक परत आलेल्या ताकदीचा. तार चांगली असेल तर परतीचा काटा पडून राहतो. सांधा सुटला, तार तुटली, की गेलेली ताकद माघारी येते आणि यंत्राला जाळते. हे रोज बोलायच्या आधी तो काटा बघायचे. मला शिकवलं तेही याच मीटरवर. "परतीचा उठला का मला हाक मारायची," म्हणाले. एकदा वानरांनी तार ओढली होती, तर ते मीच आधी ओळखलं. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसले होते.

मीटरला पुढं एक बटण आहे. बोलणं म्हणजे काही नळाची सरळ धार नाही. मोठा शब्द येतो, मग श्वास, मग बारीक शब्द. काट्यानं यातलं काय दाखवायचं? बटण आत दाबलेलं असलं की काटा सगळ्याची सरासरी दाखवतो, पंचविसाच्या आसपास. बटण बाहेर असलं की सगळ्यात मोठ्या शब्दाला लागलेली ताकद दाखवतो, ती शंभर. यंत्र तेच, माणूस तोच, आवाज तोच. दोन्ही आकडे खरे. मला हे समजलं, तर गावाला समजायला काय हरकत होती?

त्या साली पोळा झाला आणि पावसानं दडी मारली. सोयाबीनच्या शेंगा भरायचे दिवस. रोज दुपारी जिंतूरच्या अंगानं ढग यायचे, काळेभोर व्हायचे आणि फुटून पुढं जायचे. चारठाण्याला पडला, झरीला पडला, आमच्यात धूळ. माणसं आभाळाकडे बघून चिडलेली होती. आभाळावर चिडून काही होत नाही, मग ती माणूस शोधू लागली.

शोधून दिला महारुद्रनं. हा आमचा मोठा बागायतदार, पंचायतीत मेंबर, बोलायला तरबेज. दुकान बंद होतं म्हणून आपल्या मळ्यातली मोटार मागायला घरी आला होता तेव्हा मागच्या खोलीत डोकावून गेला. मीटरकडे बोट करून यांना म्हणाला, "हे काय, आभाळात करंट सोडायचं मीटर का?" यांनी काय म्हणावं? "हं." त्यांचा हं म्हणजे ऐकलं, एवढाच असतो. महारुद्रनं तो होकार धरला. संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या पाईपचा फोटो, पाठीमागं फुटलेला ढग, आणि खाली लिहिलेलं, ढग कोण फोडतंय बघा.

झालं. बायका मला नळावर विचारू लागल्या. अंगणवाडीत एक आई पोराला घ्यायला आली ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, जणू मी खोलीत ढग कोंडून ठेवले आहेत. मी यांना म्हटलं, "पारावर जाऊन सांगा की चार शब्द." ते म्हणाले, "असू द्या." मी म्हटलं, "असू द्या म्हणत राहिलात म्हणूनच हे दिवस आलेत." ते उठून दुकानात गेले.

शनिवारी पारावर बैठक बसली आणि ठरलं की मीटर बघायचं. मीटर पारावर नेऊन उपयोग नव्हता, ते तारेला जोडलेलं हवं. म्हणून अख्खी बैठक आमच्या घरी यायला निघाली. निरोप आला तेव्हा हे मागच्या खोलीत होते. मी दारातून बघितलं. त्यांनी मीटरवरची धूळ पुसली आणि बटण आत दाबलं. पंचवीस दिसावेत म्हणून. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, या माणसाला निदान एवढं तरी सुचलं.

खोलीत मावतील तेवढे आत आले, बाकीचे खिडकीला लटकले. सटवाजी बुवा खुर्चीवर. मारुतीची पूजा त्यांच्याकडे असते, गावात त्यांचा शब्द मानतात. महारुद्र मीटरच्या अगदी पुढं. मी दारात उभी राहिले. कोणी म्हटलं नाही की वैनी, बसा. माझ्याच घरात.

यांनी लायसन काढून दाखवलं. महारुद्र म्हणाला, "दिल्लीचं लायसन दिल्लीत. पाऊस बोरीचा हाय."

मग यांनी माईक हातात घेतला आणि रामकिशनजींना हाक घातली. माईक हातात आल्यावर त्यांची मान वर झाली, ते मी बघितलं. "रामकिशनजी, आज घरी आमचे गाववाले आलेत. त्यांला मीटर बगायचंय." काटा हलला. वीस, पंचवीस, खाली, परत पंचवीस. पोरं मान लांब करून बघत होती. पलीकडून रामकिशनजींचा आवाज आला, "नमस्कार मंडळी. आवो, आमच्या राणीसावरगावालाबी पंधरा दिस झाले थेंब न्हाई. तुमच्या चंद्रभानजीचा काय गुन्हा?"

खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "बगा. त्याच्याकडंबी तार हाय, त्याच्याकडंबी पाऊस न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. या बुद्धीला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

हे म्हणाले, "लातूरवाले सांगायलेत, वारा फिरलाय. चार दिसांत पाऊस हाय." आयुष्यात पहिल्यांदा ते गावापुढं एवढं बोलले असतील. महारुद्रनं ते उचललं. "म्हंजे पाऊस कवा यायचा ते तुला आधीच ठावं हाय. सोडणारा तूच, अडवणारा तूच."

मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "महारुद्र, तुझ्या मळ्यात पाच हॉर्सपॉवरची मोटार हाय. सदतीसशे वॅट होतात तिचे. ह्या मीटरवर पंचवीस दिसायलेत. आमच्या पंचविसानं ढग फुटतो, आन तुझ्या सदतीसशेनं काय होतं?"

तो हसला. लहानपणी अंगणवाडीत खाऊच्या डब्यात हात सापडला तरी असाच हसायचा. "वैनी, मोटार पाणी जमिनीतून वर आणती. ही तुमची तार करंट ढकलती आभाळात. दोन्हीत फरक न्हाई का?"

परत माना. मी आणखी बोलणार होते, तेवढ्यात सटवाजी बुवांनी हात वर केला. त्यांनी येतानाच ताटली आणली होती, पंच्यानं झाकलेली. पंचा काढला. भंडारा आणि त्यावर बेलाची पानं. ताटली त्यांनी रेडिओच्या टेबलावर, मीटरच्या शेजारी ठेवली.

"हे बग चंद्रभान," ते म्हणाले, "तुझं मीटर आमाला कळत न्हाई. आमाला बेलभंडार कळतो. पंचवीस तर पंचवीस. एवढं तर एखाद्या दिव्यालाबी लागतं. काटा ह्याच्या वर जात न्हाई, असं म्हण आन बेलभंडार उचल. इथंच मिटलं. पुन्हा तुझ्या तारेचं कोणी नाव घेणार न्हाई, जिम्मा माझा."

बुवा वाईट माणूस नाही, हे मला म्हणावं लागेल. त्यांनी खरंच वाट काढून दिली होती. महारुद्रचं तोंड उतरलं. बेलभंडार उचलला की आमच्यात विषय संपतो. जमिनीचे बांध त्यावर मिटले आहेत, मोडलेली लग्नं त्यावर जुळली आहेत. पुढं कोणी चकार शब्द काढत नाही.

यांनी हात पुढं केला. बोटं भंडाऱ्याला लागली, टोकं पिवळी झालेली मला दिसली. मी मनात म्हटलं, उचला. पंचवीस खोटं नाही. सरासरी आहे ती, आणि सरासरी ही खरीच असते. उचला आणि मोकळे व्हा.

त्यांनी हात मागं घेतला.

"वर जातो," ते म्हणाले.

"काय?" बुवांनी विचारलं.

"काटा. वर जातो." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण बाहेर काढलं, माईक उचलला आणि एकच शब्द बोलले. "हॅलो." काटा शंभरावर गेला.

खोलीत एकच गलका झाला. चौपट. चोरून ठेवलं होतं. बटणात लपवलं होतं. बुवांना फसवत होता, देवाला फसवत होता. हे सांगायला लागले की सरासरी म्हणजे काय आणि मोठ्या शब्दाची ताकद म्हणजे काय, पण त्यांचा आवाज माईकशिवाय निघेना. महारुद्र म्हणाला, "आता ह्याच्यात आणिक किती बटणं हायत?" आणि माणसं खरंच यंत्रावर बटणं मोजायला वाकली. सटवाजी बुवांनी पंचा टाकून ताटली झाकली. ते फार दुखावले होते. "तू आधीच शंभर म्हणला असतास," ते एवढंच म्हणाले आणि उठले.

मला राग कुणाचा आला ते मी खरं सांगते. महारुद्रचा आला, तो तर जन्माचा आहे. त्या बटणं मोजणाऱ्या गाढवांचा आला. पण सगळ्यात जास्त चंद्रभानचा आला. लपवायचं होतं तर शेवटपर्यंत लपवायचं. खरं बोलायचं होतं तर बटण दाबायचं नाही. अर्धा खोटेपणा आणि अर्धा खरेपणा करून या माणसानं दोन्हीकडून मार खाल्ला. आयुष्यभर बेइमानी केली नाही, म्हणून ती करायची सवय नव्हती. चोरालासुद्धा थोडा सराव लागतो.

पोरं पाईपाकडे धावली तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, "हात लावाल तर जिंतूरला जाऊन एकेकाचं नाव फौजदाराला देईन." थांबली, मला घाबरतात. पण यांनी मला बाजूला केलं. "ते मोडतील," म्हणाले, "मीच काढतो." आणि ज्या हातांनी चढवली होती त्याच हातांनी त्यांनी तार उतरवली, पाईपाला उभं धरणारे ताणाचे दोर सोडले, दोघा पोरांनाच पाईप धरायला सांगितला आणि तो सावकाश आडवा केला. तार कोपरावर गुंडाळली, गाठ मारली. गाव बघत होतं. एकही माणूस लाजला नाही. पाईप आडवा झाल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आणि सोमवारी पाऊस आला.

पावसावर कोणी चिडतं का? मी चिडले. दार लावून आत बसले आणि पत्र्यावरचा तो आवाज ऐकत दात खात होते. लातूरवाल्यांनी सांगितलेला पाऊस, हवामानवाल्यांनी सांगितलेला पाऊस, जो चार दिवसांत येणार हे या माणसानं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं तो पाऊस. दोन दिवस थांबले असते तर पाईप उभा असताना पडला असता, आणि या गावाच्या थोबाडीत बसली असती. पण नाही. पाईप निघाला, पाऊस आला, गावाचं गणित सुटलं. आता हे शंभर वर्षं सांगतील. नातवंडांना सांगतील.

मारुतीला नारळ फुटले. महारुद्रनं अर्धी वाटी आमच्या घरी पाठवली, वर निरोप, वैनी, राग मानू नका, गावाच्या भल्याचं होतं. ती वाटी मी शेजारणीच्या शेळीला घातली. देवाला काय म्हणायचं असेल ते त्यानं मला म्हणावं, मी उत्तर देईन.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, ते मला सहन होईना. सकाळचे सात वाजायचे आणि काही नाही. मी परात त्याच दारात घेऊन बसायची आणि आतून काही नाही. हे चहा प्यायचे, पायात चप्पल घालायचे, दुकानात जायचे. मागच्या खोलीकडे बघायचेसुद्धा नाहीत. "मीठ कमी हाय" तेही बंद झालं. मी मुद्दाम एक दिवस भाजीत मीठच टाकलं नाही. खाऊन उठले. निकितानं फोनवर विचारलं, "बाबा काय म्हणतात?" मी म्हटलं, "काय म्हणणार? तुझ्या बाबाला जे म्हणायचं असतं ते मला रेडिओवरून कळत होतं. आता रेडिओ नाही." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

शेतांतून सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. अशाच एका सकाळी मी भाकरी उलथत होते आणि आतून आवाज आला. "हॅलो, हॅलो." मी तवा तसाच सोडून उठले. वाटलं, तार चढवली यांनी, मला न सांगता, गावाला न विचारता. धावत मागच्या दारातून परसात बघितलं. पाईप भिंतीकडेला आडवाच होता, त्याच्यावर दोडक्याचा वेल चढायला लागला होता.

खोलीत डोकावले. यंत्र चालू होतं. मीटरच्या मागून तार निघाली होती आणि टेबलाखालच्या एका पत्र्याच्या डब्यात गेली होती. तो डबा मला माहीत होता. त्यात तेल असतं आणि तेलात बुडवलेला एक दांडका. यंत्र तपासायचं असलं, पण आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसला, की तार काढून तो डबा लावतात. जेवढी ताकद जाईल तेवढी तो डबा पिऊन घेतो आणि तेल कोमट होतं. बाहेर काही जात नाही. कोणी ऐकत नाही.

हे माझ्याकडे पाठ करून बसले होते, माईक तोंडाशी. बटण बाहेर होतं.

"रामकिशनजी," ते म्हणाले, आणि थांबले. रामकिशनजी तिथं नव्हतेच. मग म्हणाले, "महारुद्र. हरामखोरा."

मी भिंतीला हात लावला. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काटा शंभराला जाऊन आपटला.

"तुझ्या बापाच्या विहिरीवरली मोटार मी पावसात भिजत भरली. तुला लाज न्हाई वाटली? सटवाजी बुवा, तुमची मोटार भरली तवा बेलभंडार मागितला का मला, का इमान हाय म्हणून विश्वास ठेवला? आन आता देवापुढं खोटं बोलवंना म्हणून खरं बोललो, तर मी चोर? बटण मी दाबलं. दाबलं. भ्यालो मी तुमाला. तुमच्यासारख्या खुळ्यांला भ्यालो, ह्याचीच मला लाज वाटायली. आभाळ फाडायचं असतं ना मला, तर तुमच्या डोक्यावर फाडलं असतं." एकेका शब्दाला काटा वर जात होता आणि परतीचा काटा तळाला पडून होता. सगळं जात होतं, माघारी काहीच येत नव्हतं. "माझी बायको एकटी बोलली. एकटी. तिच्या घरात तिला कोणी बस म्हणलं न्हाई. आन मी उभा राहिलो खांबावानी. मनकर्णा, तू बोललीस आन मी गप राहिलो."

त्यांनी माझं नाव घेतलं. उखाण्याशिवाय.

तुम्हाला वाटेल मला रडू आलं. नाही आलं. मला संताप आला, असा की कानशिलं तापली. एवढं सगळं या माणसाच्या पोटात होतं. त्या शनिवारी ही सगळी माणसं याच खोलीत उभी होती, हातभर अंतरावर, तेव्हा हा गप्प होता. आणि आज बोलतोय तर कुणाला? तेलाच्या डब्याला. सगळं खरं, सगळं मुद्द्याचं, आणि सगळं तेल कोमट करायला.

मी आत गेले. त्यांना हात लावला नाही, काही बोलले नाही. त्यांच्या पुढून गेले आणि बाजूच्या रस्त्याकडची खिडकी उघडली. ती त्या दिवसापासून बंदच होती, कडी गंजलेली, दोनदा हाणावी लागली. मग पुढच्या खोलीत जाऊन पुढचं दारही सताड उघडलं. सातची वेळ. नळावर बायका, डेअरीला दूध घालून परतणारी माणसं, कट्ट्यावर सटवाजी बुवा दात घासत बसलेले. कडीच्या आवाजानं सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं.

मी खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. ते माईक धरून तसेच माझ्याकडे बघत होते.

"थांबलाव कशाला?" मी म्हटलं. "डब्याला समदं सांगून झालं असंल तर आता ह्यांलाबी सांगा."

त्यांनी खिडकीकडे बघितलं. मग मीटरकडे बघितलं. नंतर माईक टेबलावर ठेवला, यंत्र बंद केलं, उठून खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.